एमएस्सी मृदविज्ञान: ७० क्रेडिट दोन वर्षांत कसे बसवायचे?

रानवेल
बीएस्सी ॲग्रीच्या आठव्या सत्रात आहे. पुढे मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्रातच एमएस्सी करायचं पक्कं आहे आणि सीईटीची तयारी सुरू आहे. पदवीसाठी ७० क्रेडिट लागतात हे माहितीपत्रकात वाचलं. पण त्यात कोर्स किती, प्रबंध किती, मायनर कोणता घ्यावा, सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो, हे नीट कळत नाही. चार सत्रांचं काम सहा सत्रांवर का जातं, हेही जाणकारांनी सांगावं. विषय ठरवण्याआधी काय तपासायचं ते कळलं तर फार मदत होईल.

काळीकसदार
आधी हिशेब बघ. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) बीएसएमए या विषयवार समितीने २०२१ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्याने बांधला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठांत साचा तोच आहे. मेजर २०, मायनर ८, सपोर्टिंग ६, कॉमन कोर्स ५, सेमिनार १ आणि संशोधन ३०. बेरीज ७०.

मेजरच्या २० मध्ये चार कोर्स सुटत नाहीत: ५०१ मृदा भौतिकशास्त्र, ५०२ सुपीकता व खतवापर, ५०३ मृदा रसायनशास्त्र, ५०४ खनिजशास्त्र, जमिनीची उत्पत्ती आणि वर्गीकरण. प्रत्येकी २+१ (दोन क्रेडिट तासिकांचे, एक प्रात्यक्षिकाचा), म्हणजे बारा झाले. उरलेल्या आठांत निवड असते. त्यातला उपकरणीय विश्लेषणाचा ०+२ चा कोर्स मुळीच सोडू नकोस. स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर, एएएस (धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) यांच्यावर हात बसायला तीच जागा आहे. प्रबंधाचे नमुने हातात घेऊन यंत्र शिकायला बसलं की चुकीचे आकडे थेट प्रबंधात जातात.

कॉमनचे पाच म्हणजे ग्रंथालय सेवा, तांत्रिक लेखन, बौद्धिक संपदा, प्रयोगशाळेची मूलतत्त्वे, संशोधन नीती व ग्रामविकास. प्रत्येकी एक क्रेडिट. सोपे आहेत म्हणून शेवटच्या सत्रासाठी ठेवू नयेत. प्रबंध तयार आणि एक क्रेडिट बाकी, अशाने पदवी अडते.

मोरचूद
सेमिनारचा एक क्रेडिटही तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच उरकावा. विषय प्रबंधाला लागून घेतला तर पूर्वसाहित्याचं अर्धं प्रकरण त्यातच लिहून होतं.

बांधावरून
एक शंका, थोडी अवांतर. माझ्या भाच्याने साधी बीएस्सी केमिस्ट्री केली आहे. त्याला चालेल का?

काळीकसदार
@बांधावरून, कृषी विद्यापीठात या विषयाला नाही. तिथे चार वर्षांची कृषी पदवी, किंवा नियमात नाव दिलेल्या उद्यानविद्या-वनशास्त्रासारख्या पदव्या लागतात. त्याने पर्यावरणशास्त्र किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातून मातीकडे यावं. तोही चांगला रस्ता आहे.

चाळणी२मिमी
रानवेल, क्रेडिटचा तक्ता पाठ झाला तरी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. पदवी लांबते ती हंगामामुळे आणि प्रयोगशाळेतल्या निर्धारणांच्या, म्हणजे एकेका मोजणीच्या, संख्येमुळे.

हंगाम आधी बघ. प्रवेश सप्टेंबरनंतर झाला तर पहिलं खरीप हातातून गेलेलं असतं. गाईड, विषय, जागा यातलं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून पहिल्या रब्बीतही पेरणी होत नाही. मग शेतातला प्रयोग दुसऱ्या वर्षाच्या खरिपात येतो. सोयाबीन जूनअखेर पेरलं तर ऑक्टोबरमध्ये निघतं आणि विश्लेषण-लेखनाला नोव्हेंबर ते मे असे सात महिने मिळतात. हे जमतं. पण विषय रब्बी गव्हाचा असेल तर पेरणी नोव्हेंबरात, काढणी मार्चमध्ये. काढणीनंतरची माती, दाणे, काड यांचं विश्लेषण सुरू होईपर्यंत एप्रिल उजाडतो. तिथेच पाचवं सत्र लागतं. रब्बीचाच विषय हवा असेल तर पहिल्याच वर्षी पेरता येईल इतक्या लवकर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर करून घ्यायला हवी.

आता संख्या. ८ ट्रीटमेंट (तुलनेसाठीचे वेगवेगळे उपचार), ३ रेप्लिकेशन (प्रत्येकाच्या पुनरावृत्ती) म्हणजे २४ प्लॉट. ३० दिवस, ६० दिवस आणि काढणी अशा तीन वेळा माती घेतली तर ७२ नमुने. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह धरले तर ७२ गुणिले ९, म्हणजे ६४८ निर्धारणं. प्रत्येकाचं डुप्लिकेट केलं की १२९६. दाणे आणि काडाचे ४८ नमुने, त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, आणि डुप्लिकेट. ते आणखी ३८४. सिनॉप्सिसमध्ये "०-१५ व १५-३० सेंमी" एवढा खोलीचा एक शब्दप्रयोग वाढला की मातीचं सगळं काम दुप्पट होतं. सिनॉप्सिसवर सही घेण्याआधी हा गुणाकार कागदावर करायचाच.

पळसफुल
चाळणी यांचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून शेतातला प्रयोगच करावा असं ठरत नाही. तालुक्याच्या सुपीकतेचं सर्वेक्षण घेतलं तर पेरणी, पाऊस, कीड यांवर काही अवलंबून राहत नाही. जीपीएसवर जागा नोंदवून शे-सव्वाशे नमुने घ्यायचे, नकाशे करायचे, न्यूट्रिएंट इंडेक्स काढायचा. अन्नद्रव्य कमी असलेल्या नमुन्यांच्या संख्येला १, मध्यमच्या २, जास्तच्या ३ ने गुणून बेरजेला एकूण नमुन्यांनी भागायचं. १.६७ च्या खाली कमी, २.३३ च्या वर जास्त. काम सहा महिन्यांत उरकतं.

चाळणी२मिमी
उरकतं, मान्य. पण अशा प्रबंधात पुष्कळदा "नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम, पालाश जास्त" एवढंच हाती येतं आणि का हा प्रश्न तसाच राहतो. सर्वेक्षणच घ्यायचं तर त्यात उंच-सखल भागानुसार दोन-तीन मृदाछेद (जमिनीचे थर दिसतील असे खड्डे) खोदावेत, चुनखडी आणि चिकणमातीचं प्रमाण काढावं, म्हणजे जस्त कुठे आणि कशामुळे कमी पडतं ते सांगता येतं. आणि तेही हंगामाला बांधलेलं असतंच. नमुने पीक निघाल्यावर आणि पुढची खतं पडण्याआधी घ्यावे लागतात, म्हणजे बहुतेक एप्रिल-मे. पावसात काळ्या रानात पायच टाकता येत नाही.

जांभादगड
तिसरा रस्ता राहिला: प्रयोगशाळेतला उबवण प्रयोग. शेतातलीच माती डब्यांत भरून, ओल जलधारण क्षमतेच्या ६० टक्क्यांवर ठेवून, दर दोन-तीन दिवसांनी वजन करून कमी झालेलं पाणी द्यायचं आणि ठरलेल्या दिवशी डबे काढत जायचं. पाऊस आड येत नाही, अवधी आपल्या हातात राहतो. यात घोळ होतो तो डब्यांच्या संख्येत. एकाच डब्यातून पाच वेळा माती काढली की उरलेल्या मातीचं वजन, ओल, हवा सगळंच बदलतं. प्रत्येक वेळेसाठी वेगळा डबा लागतो. ६ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, ५ वेळा म्हणजे ९० डबे पहिल्याच दिवशी भरायचे.

कोकणात करणार असाल तर मातीतला स्फुरद काढण्याची पद्धत सिनॉप्सिसमध्येच नीट लिहा. जांभ्या आम्ल जमिनीला ब्रे-१ लागते: ०.०३ नॉर्मल अमोनियम फ्लोराइड आणि ०.०२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, माती-द्रावण १:१०, पाच मिनिटं हलवणे. घाटावरच्या प्रबंधातून ओल्सेन ही दुसरी पद्धत उचलून चिकटवली की परीक्षक तोंडीत तिथेच बोट ठेवतो.

काळीकसदार
आणि घाटावर उलट. चुनखडीच्या जमिनीत ब्रेचं आम्ल चुन्यातच खर्ची पडतं, म्हणून ओल्सेन. ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५, अडीच ग्रॅम मातीला ५० मिलि, अर्धा तास. इथे दोन गोष्टी बिघडतात. बायकार्बोनेटचं द्रावण ठेवून दिलं की कार्बन डायऑक्साइड सुटून सामू वर सरकतो, म्हणून रोज सकाळी तपासायचा. आणि तापमान वाढलं की स्फुरद जास्त उतरतो. डिसेंबरात अर्धे नमुने आणि मे महिन्यात उरलेले अर्धे केले तर ट्रीटमेंटचा फरक कुठला आणि उकाड्याचा कुठला, हे मग कुणालाच सांगता येणार नाही. एका रेप्लिकेशनचे सगळे प्लॉट एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये घ्यावेत. दिवसादिवसांतला फरक मग रेप्लिकेशनमध्ये जातो, ट्रीटमेंटमध्ये शिरत नाही.

टायट्रेशनवाला
सेंद्रिय कर्बाबद्दल कुणी बोललं नाही. वॉकली-ब्लॅक ही कर्ब मोजण्याची पद्धत सगळ्यांना येते असं धरलं जातं आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

माती ०.५ मिमी चाळणीची घ्या, २ मिमीची नको. १ ग्रॅममध्ये मुळाचा एक तुकडा आला तरी आकडा उडतो. त्यावर १० मिलि १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, मग २० मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. अर्धा तास स्वस्थ ठेवायचं, घाई करायची नाही. फ्लास्क थंड फरशीवर न ठेवता ॲस्बेस्टॉसच्या किंवा लाकडी पाटावर ठेवा, कारण ही पद्धत आम्लाच्या स्वतःच्या उष्णतेवरच चालते. मग २०० मिलि पाणी, १० मिलि फॉस्फरिक आम्ल, डायफिनिलअमाइन, आणि ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. जांभळट निळा रंग झटकन हिरवा होतो. शेवटी थेंबाथेंबाने.

ब्लँक (माती न घालता केलेलं टायट्रेशन) साधारण २० मिलि येतो. फेरसचं द्रावण हवेने कमजोर होतं, त्यामुळे ब्लँक रोज आणि प्रत्येक बॅचला. ब्लँक २०, नमुना १४ असेल तर ३ मिलि डायक्रोमेट खर्च झालं, म्हणजे ०.९ टक्के. नमुन्याला ४ मिलिच्या आत लागले तर डायक्रोमेट अपुरं पडलंय असं समजा आणि अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा करा. कोकणातल्या जंगलमातीत हे हमखास होतं.

आता १.३ चा गुणक. पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो म्हणून तो आहे. ०.९ चा १.१७ होतो. गुणक लावला की नाही हे प्रकरण तीनमध्ये (साहित्य व पद्धती) स्पष्ट लिहा. एकाच प्रबंधात सुरुवातीच्या नमुन्याला न लावता आणि काढणीच्या नमुन्याला लावून "शेणखताने कर्ब वाढला" असा निष्कर्ष छापला गेला तर पुढचे दहा जण तो उद्धृत करत राहतात.

जांभादगड
+१. खारजमिनीत क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगलेला दिसतो. तिथे सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं. महाग आहे, अंदाजपत्रकात आधीच धरा.

मोरचूद
टायट्रेशन झालेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, ही विनंती इथेच करतो. टायट्रेशनच्या अंतिम बिंदूपर्यंत गेल्यावर क्रोमियम तीनच्या रूपात येतं, पण उरलेलं आणि सांडलेलं डायक्रोमेट सहाच्याच रूपात असतं आणि ते विषारी आहे. सगळं एका कॅनमध्ये गोळा करून, थोडं फेरस घालून, चुन्याने उदासीन करून गाळ वेगळा काढायचा. आपला विषय माती आहे, तिची काळजी बेसिनपासून घेऊ.

पळसफुल
जस्त-लोहाचं काम असेल तर नमुना घेतानाच बिघडतो. गॅल्व्हनाइज्ड बादली जस्त देते, पितळी चाळणी तांबं आणि जस्त देते, रबरी बुचातूनही जस्त उतरतं. प्लॅस्टिकचं घमेलं, स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची चाळणी, पॉलिथिलीनच्या बाटल्या. माती वर्तमानपत्रावर वाळत घालू नका, कोरा खाकी कागद वापरा. वाळवायची सावलीतच. ओव्हनमध्ये घातली की पालाशाचे आकडे बदलतात.

डीटीपीएत (जस्त-लोह काढण्याचं द्रावण) १० ग्रॅम मातीला २० मिलि आणि दोन तास हलवणे. दोन म्हणजे दोनच, कारण हे निष्कर्षण समतोलाला पोचलेलं नसतं. अडीच तास हलवलं तर जास्त निघतं. सामू ७.३. जस्ताची ०.६ आणि लोहाची ४.५ मिग्रॅ प्रति किलो ही मर्यादा याच अटींवर बसवलेली आहे.

दूरदेशी
पुढे परदेशी पीएचडीचा विचार असणाऱ्यांसाठी एक मुद्दा. अमेरिकेत एमएस साधारण ३० क्रेडिटची असते. आपले ७० बघून तिथले लोक गोंधळतात. गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक कोर्सचे तास आणि घटक दाखवणारं विभागाच्या सहीचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. आपल्या कृषी विद्यापीठांत पीएचडीला १०० क्रेडिट आहेत, त्यात ७५ संशोधनाचे. म्हणजे एमएस्सीत लागलेली नोंदवहीची शिस्त तिथे लगेच कामी येते.

रानवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत उतरवून घेतलं. मायनरबद्दल अजून स्पष्ट नाही. सगळे ॲग्रॉनॉमी घ्या म्हणतात.

काळीकसदार
मायनर म्हणजे मेजरला लागून असलेला विषय, आणि सपोर्टिंग म्हणजे संशोधनाला उपयोगी पडणारा कुठलाही. शेतातला प्रयोग असेल तर ॲग्रॉनॉमी रास्त आहे, पण प्रबंध जिवाणू-विकरांवर असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावं. डीहायड्रोजनेज हे विकर मोजताना ताजी ओली माती ४ अंशांवर का ठेवायची, ३७ अंशांवर २४ तास का उबवायची हे समजून केलेलं बरं. सपोर्टिंगचे सहा मात्र संख्याशास्त्रातच घाल. त्यात प्रयोगांचे आराखडे हवेतच.

चाळणी२मिमी
आराखड्यावरून एक नेमकी गोष्ट. आरबीडीत (यादृच्छिक गट आराखडा) एररचे किमान १२ स्वातंत्र्य-अंश हवेत असा दंडक आहे. ट्रीटमेंट उणे एक गुणिले रेप्लिकेशन उणे एक. ७ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशनला बरोबर १२ येतात. ६ ला तीन घेतल्या तर १०, कमी पडतात. चार घ्याव्या लागतात आणि प्लॉट २४ होतात. म्हणजे सहापेक्षा सात ट्रीटमेंटचा प्रयोग २१ प्लॉटमध्ये बसतो आणि कामही कमी लागतं.

बांधावरून
एक ट्रीटमेंट वाढवली की तीन प्लॉट वाचतात! हे आमच्या वाटणीच्या वेळी कुणी सांगायला हवं होतं. :)

टायट्रेशनवाला
किलो प्रति हेक्टरचं रूपांतर कुणीतरी सांगा, तिथेही दोन पंथ आहेत.

काळीकसदार
मिग्रॅ प्रति किलोला २.२४ ने गुणण्याची प्रथा आहे. १५ सेंमी थर आणि १.४९ च्या आसपास स्थूल घनता धरली तर हेक्टरी २२.४ लाख किलो माती होते, त्यातून हा आकडा आला. काळ्या जमिनीत घनता १.२५ असेल तर माती १८.७५ लाख किलोच भरते. नत्र १३० मिग्रॅ असेल तर प्रथेने २९१, म्हणजे मध्यम. प्रत्यक्ष घनतेने २४४, म्हणजे कमी. पंथ दोन नसून कामं दोन आहेत. नत्राची २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त ही वर्गवारी वापरायची तर २.२४ च ठेवा, कारण ती त्याच प्रथेवर उभी आहे. कर्बाचा साठा किंवा अन्नद्रव्यांचा ताळेबंद काढायचा तर मोजलेली घनता घ्या.

आणि काळ्या मातीची घनता मोजताना कोअरबरोबर (मातीचा अखंड नमुना घेणारी नळी) त्या वेळची ओल नोंदवायलाच हवी. ही माती ओलीने फुगते, वाळली की आकसते. भेगा पडलेल्या रानात दोन भेगांच्या मधल्या ढेकळात कोअर मारला की घनता जास्त येते. ऑगस्टचा आणि एप्रिलचा आकडा शेजारी ठेवून "घनता वाढली" म्हणणं चूक आहे.

मोरचूद
लेखनाबद्दल थोडकं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. साम्य वाढतं ते 'साहित्य व पद्धती' प्रकरणात, कारण तेच वाक्य प्रत्येक प्रबंधात असतं. कृषिकोश या संकेतस्थळावर जुने प्रबंध खुले आहेत, ते वाचा, पण पद्धत आपण प्रत्यक्ष जशी केली तशीच लिहा. किती ग्रॅम, किती मिलि, कुठलं यंत्र, किती नॅनोमीटर. आपोआप वाक्य वेगळं होतं आणि खरंही राहतं.

रानवेल
मग माझा आराखडा असा: पहिल्या सत्रात ५०१ ते ५०४ मधले शक्य तितके, संख्याशास्त्र आणि दोन कॉमन. सत्र संपायच्या आत गाईडबरोबर विषय ठरवायचा. दुसऱ्या सत्रात उपकरणांचा कोर्स आणि सिनॉप्सिस. पुढच्या खरिपात सोयाबीन, ७ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, ०-१५ सेंमी, माती फक्त फुलोऱ्याला आणि काढणीला. म्हणजे ४२ नमुने. सुरुवातीचा नमुना पूर्ण शेताचा एकच एकत्रित घ्यायचा की प्लॉटवार?

चाळणी२मिमी
प्लॉटवार घे. नियमाला एक एकत्रित नमुना पुरतो, पण काढणीला प्लॉट क्र. ४ मध्ये पालाश जास्त निघाला तर तो ट्रीटमेंटमुळे की आधीपासूनच होता, हे सांगायला दुसरा आधार नसतो. खत पडल्यावर हा नमुना पुन्हा मिळत नाही. प्रत्येक प्लॉटमध्ये इंग्रजी व्ही आकाराचे पाच खड्डे घे, कडेची पातळ चकती काढ, चतुर्भाग करून अर्धा किलो ठेव. एकवीसही नमुन्यांचं लगेच विश्लेषण करायची गरज नाही. तीन रेप्लिकेशनचे तीन एकत्रित नमुने करून तपास, उरलेले वाळवून, चाळून ठेव.

पळसफुल
ठेवताना चिठ्ठी पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक. पेन्सिलीने लिही, बॉलपेनची शाई मातीच्या ओलीने वर्षभरात उडते. तारीख, प्लॉट, खोली, अवस्था, चारही हवेत.

रानवेल
पेन्सिल. लिहून घेतलं.

जांभादगड
आणि आतली चिठ्ठी छोट्या प्लॅस्टिक पाकिटात घाल, नाहीतर वाळवी पेन्सिलीसकट खाते.